न बांधलेल्या घरांचा रकाना

हिशेबाची आतली बाजू : लेखांक ९

दक्षिण आफ्रिकेत मारिकाना इथे प्लॅटिनमच्या खाणी चालवणाऱ्या लॉनमिन कंपनीने २००६ साली सरकारला एक लेखी आराखडा दिला. खाणीचा हक्क टिकवायचा तर कामगारांच्या राहण्याची सोय सुधारणं तिथल्या कायद्याने बंधनकारक होतं. त्यानुसार पाच वर्षांत ५,५०० घरं बांधण्याची हमी कंपनीने दिली. मुदत संपली तेव्हा उभी होती फक्त तीन घरं, आणि तीही नमुन्यादाखल बांधलेली. हजारो कामगार पत्र्याच्या झोपड्यांत राहत होते. ऑगस्ट २०१२ मध्ये पगारवाढीसाठी संप पेटला आणि १६ तारखेला पोलिसांच्या गोळीबारात ३४ खाणकामगार ठार झाले. न्यायमूर्ती इयान फार्लम यांच्या चौकशी आयोगाचा अहवाल २०१५ मध्ये जाहीर झाला. घरांची हमी न पाळल्याबद्दल त्याने कंपनीला दोष दिला. २००८ च्या मंदीमुळे जमलं नाही, ही सबब आयोगाने मान्य केली नाही.

गोळीबाराची जबाबदारी कोणाची, यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. या लेखमालेचा विषय हिशेब आहे, म्हणून मी दुसरा प्रश्न विचारतो. न बांधलेली ५,४९७ घरं कंपनीच्या कोणत्या कागदावर दिसली असती?

ताळेबंदात नाही, कारण तिथे अशा हमीला देणं मानत नाहीत. खाणीच्या मासिक एमआयएस रिपोर्टमध्ये, म्हणजे व्यवस्थापनाला जाणाऱ्या आढाव्यातही, नाही. तिथे किती टन खडक फोडला, किती औंस धातू निघाला, औंसमागे खर्च किती आला, बजेटच्या तुलनेत खर्च आणि रोकड किती, एवढंच असतं. न बांधलेल्या घराचा या कागदावर एकच परिणाम होतो. भांडवली खर्च बजेटपेक्षा कमी दिसतो आणि हातात रोकड जास्त राहते. गेल्या आठवड्यात आपण व्हेरिअन्स, म्हणजे बजेट आणि प्रत्यक्ष यांतला फरक, पाहिलं. त्या भाषेत सांगायचं तर मोडलेलं वचन ‘अनुकूल व्हेरिअन्स’ म्हणून नोंदवलं जातं. नोंदीत कोणी खोटेपणा केलेला नसतो. चुकीचं कौतुक करण्याची सोय रकान्यांच्या रचनेतच असते.

व्यवस्थापकीय हिशेबाच्या संशोधनात आज जे चाललं आहे, त्यातला मला महत्त्वाचा वाटणारा भाग या एका प्रश्नाभोवती फिरतो. जगाला दाखवायच्या अहवालात कंपनी जे म्हणते, ते तिच्या आतल्या हिशेबात कुठे असतं का?

याला एक जुनी पार्श्वभूमी आहे. १९८७ मध्ये थॉमस जॉन्सन आणि रॉबर्ट कॅप्लन यांचं ‘रेलेव्हन्स लॉस्ट’ हे पुस्तक आलं आणि या विषयाची झोप उडाली. त्यांचं म्हणणं असं की कारखान्यांना लागणारी खर्चमोजणीची बहुतेक साधनं १९२५ पर्यंत तयार झाली होती. कापड गिरण्या, रेल्वे, पोलाद कारखाने यांनी ती स्वतःच्या गरजेतून घडवली. पुढे मात्र भागधारकांसाठी आणि लेखापरीक्षकांसाठी करायच्या हिशेबाने सगळी जागा व्यापली. कारखान्याच्या व्यवस्थापकाला माहिती मिळू लागली ती वार्षिक हिशेबाच्या सोयीने : उशिरा, ढोबळ आणि निर्णयाला निरुपयोगी. या टीकेनंतर अ‍ॅक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंग आलं आणि १९९२ मध्ये कॅप्लन व नॉर्टन यांचं बॅलन्स्ड स्कोअरकार्ड आलं. दोन्ही आपण आधीच्या लेखांकांत पाहिली आहेत.

एकात्मिक अहवालाची, म्हणजे पैशाचा आणि समाज-पर्यावरणाचा हिशेब एकाच अहवालात मांडण्याची, चळवळ दुसऱ्या दिशेने आली. तिचं मोठं केंद्र दक्षिण आफ्रिकाच आहे. माजी न्यायाधीश मर्विन किंग यांच्या समितीने २००९ मध्ये कंपनी कारभाराची तिसरी संहिता दिली. जोहान्सबर्ग शेअर बाजाराने २०१० पासून तिथल्या कंपन्यांना सांगितलं, एकात्मिक अहवाल द्या, नाही तर का देत नाही ते लिहा. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय एकात्मिक अहवाल परिषद स्थापन झाली आणि डिसेंबर २०१३ मध्ये तिने आपली चौकट जाहीर केली. त्यात सहा भांडवलं मानली आहेत : वित्तीय, उत्पादित म्हणजे यंत्रं आणि इमारती, बौद्धिक, मानवी, सामाजिक नातेसंबंधांचं आणि नैसर्गिक. कंपनीने यांतलं काय घेतलं, काय वाढवलं, काय संपवलं हे एका सलग कथनात सांगायचं. पुढे संस्था एकमेकींत विलीन होत गेल्या आणि २०२२ पासून ही चौकट आयएफआरएस फाउंडेशनच्या छत्राखाली आहे.

पण चौकटीतलं एक वाक्य निर्णायक आहे. अहवालाचा मुख्य हेतू वित्तपुरवठादारांना मूल्यनिर्मिती समजावणं हा आहे, असं ती म्हणते. ब्रिटनच्या जॉन फ्लॉवर यांनी २०१५ मध्ये यावर कडक टीका केली. सहा भांडवलांची गोष्ट सांगायची आणि मोजमाप गुंतवणूकदारांच्या मूल्याचं करायचं, यात शाश्वततेचा हिशेब मूळ हेतूपासून दूर गेला, असा त्यांचा आक्षेप होता. मला तो पटतो. मारिकानाची न बांधलेली घरं गुंतवणूकदारांच्या मूल्यात कधी मोजली जाणार? संप होऊन उत्पादन थांबल्यावर. तोवर माणसं मेलेली असतात.

आता संशोधकांना काय सापडलं ते पाहू. मेरी बार्थ, स्टीव्हन केहन, लिली चेन आणि एल्मर व्हेंटर यांनी २०१७ मध्ये दक्षिण आफ्रिकी कंपन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या एकात्मिक अहवालाची गुणवत्ता चांगली, त्यांच्या शेअरची उलाढाल अधिक सुरळीत, भविष्यातल्या रोख उत्पन्नाबद्दलच्या अपेक्षा जास्त आणि गुंतवणुकीचे निर्णयही अधिक कार्यक्षम आढळले. आतले निर्णय सुधारत असावेत याचा हा महत्त्वाचा संकेत आहे.

प्रत्यक्ष कंपन्यांत जाऊन माणसांशी बोलणाऱ्यांना मात्र वेगळं चित्र दिसलं. ऑस्ट्रेलियात वेंडी स्टब्स आणि कॉलिन हिगिन्स यांनी २०१४ मध्ये लिहिलं की अहवाल लिहिण्याची पद्धत बदलली, विभाग एकमेकांशी थोडं अधिक बोलू लागले, पण मूलभूत बदल झाला नाही. जोहान्सबर्गच्या मॅकनॅली, सर्बोन आणि मारून यांच्या २०१७ च्या अभ्यासात अहवाल तयार करणाऱ्यांच्या अडचणी आहेत. माहिती गोळा करायला नीट व्यवस्था नाही, वेगवेगळे गट आपापला मजकूर पाठवतात आणि सगळं काम नियम पाळण्यापुरतं होतं. कार्यालयात काम केलेल्या कोणालाही हे ओळखीचं वाटेल. मार्चअखेरीनंतर ईमेल येतो : पाणी, वीज, प्रशिक्षणाचे तास, अपघात यांचे आकडे शुक्रवारपर्यंत पाठवा. प्लँटमधला कोणीतरी बिलं शोधतो, एक्सेलमध्ये भरतो आणि पाठवून देतो. त्या आकड्यांवरून वर्षभरात एकही निर्णय झालेला नसतो.

दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. बाजारातला सहसंबंध सरासरी सांगतो, मुलाखत त्यामागचा कारभार दाखवते. माझा कौल मुलाखतींकडे आहे, कारण व्यवस्थापकाने वेगळा निर्णय घेतला की नाही हे शेअरच्या भावातून अंदाजानेच कळतं. अंतर्गत हिशेबात रकाना नसेल, तर बाहेरचा अहवाल कितीही सुबक असो, तो निबंधच राहतो.

रकाना उघडायचा तर तो कसा, यावरही बरंच काम झालं आहे. मला सगळ्यांत भावणारं साधन मटेरियल फ्लो कॉस्ट अकाउंटिंग. जर्मनीत जन्मलं, जपानने वाढवलं, २०११ मध्ये आयएसओ १४०५१ हे त्याचं मानक झालं. जपानमधला पहिला प्रयोग निट्टो डेन्को या कंपनीत, चिकटपट्ट्यांच्या उत्पादनावर झाला. एकूण खर्चातला जवळपास एक तृतीयांश खर्च वाया जाणाऱ्या मालावर होत असल्याचं तिथे दिसलं.

कल्पना साधी आहे, एक कल्पित उदाहरण घेऊ. प्रेसशॉपमध्ये १०० किलो पत्रा आला, किलोला ७० रुपये. वीज, मजुरी, यंत्र मिळून प्रक्रियेचा खर्च २,००० रुपये. ८० किलोचे भाग तयार झाले, २० किलो भंगार निघालं, ते ३० रुपये किलोने विकलं. कॉस्टिंगच्या पुस्तकाप्रमाणे ही सामान्य घट. एकूण ९,००० रुपयांतून भंगाराचे ६०० वजा करायचे आणि उरलेले ८,४०० रुपये ८० किलोंवर टाकायचे. किलोला १०५ रुपये. भंगार हिशेबात दिसतं ते फक्त ६०० रुपयांची मिळकत म्हणून.

नव्या पद्धतीत भंगारालाही एक उत्पादन मानायचं, ऋण उत्पादन. त्याच्या वाट्याला १,४०० रुपयांचा पत्रा आणि ४०० रुपयांची प्रक्रिया, एकूण १,८०० रुपये. त्यातून ६०० परत आले. म्हणजे १,२०० रुपये खर्चून आपण भंगार ‘बनवलं’. चांगल्या मालाचा खरा खर्च किलोला ९० रुपये, १०५ नाही. एकूण रक्कम तीच, पण आता डायच्या आखणीत दोन मिलिमीटर वाचवायला कोणीतरी बसेल. पत्रा वाचला की खाण, भट्टी, ट्रक आणि धूरही वाचतो. पर्यावरणाचा आकडा आणि नफ्याचा आकडा एकाच नोंदीतून येतात. हे काम सीएसआर विभागाचं नाही, कॉस्ट अकाउंटंटचं आहे, आणि विद्यार्थ्यांना हे पहिल्याच वर्षी शिकवायला हवं.

दुसरं साधन अंतर्गत कार्बन किंमत. महिंद्रा अँड महिंद्राने २०१६ मध्ये टनाला १० डॉलर अशी किंमत जाहीर केली. मायक्रोसॉफ्टने २०१२ पासून आपल्या विभागांकडून उत्सर्जनाचं शुल्क वसूल करायला सुरुवात केली. कार्बनची किंमत गुंतवणुकीच्या प्रस्तावात केवळ गृहीत धरता येते किंवा विभागाच्या बजेटमधून खरोखर कापता येते. माझ्या मते कापलेली रक्कम माणसाचं वागणं बदलते. गृहीत धरलेली रक्कम बहुतेक वेळा प्रस्तावाच्या परिशिष्टात राहते.

पूमाने तर पुरवठा साखळीच्या टोकापर्यंतचा पर्यावरणीय परिणाम युरोत मोजला. २०१० सालासाठी तो आकडा १४.५ कोटी युरो आला. त्या वर्षीचा निव्वळ नफा २०.२ कोटी युरो होता. पर्यावरणीय परिणामाच्या आकड्यात स्वतःच्या दुकानांचा, कार्यालयांचा आणि गोदामांचा वाटा फक्त ६ टक्के, तर कातडं, कापूस, रबर अशा कच्च्या मालाच्या टप्प्यावर ५७ टक्के. नदीच्या पाण्याला युरोत किंमत कशी लावायची, यावर वाद आहे आणि राहील. पण कुठे हात घालायचा, हे या टक्केवारीने सांगितलं.

आपल्याकडे सेबीने फेब्रुवारी २०१७ मध्ये मोठ्या ५०० सूचीबद्ध कंपन्यांना एकात्मिक अहवालाचा ऐच्छिक सल्ला दिला. मग बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल, आलं. बाजारमूल्याने पहिल्या १,००० कंपन्यांना ते २०२२-२३ पासून सक्तीचं झालं. जुलै २०२३ मध्ये त्याचा गाभा, बीआरएसआर कोअर, वेगळा काढला आणि त्यातल्या आकड्यांची त्रयस्थ तपासणी टप्प्याटप्प्याने सुरू केली. तपासणीची अट पुढे काहीशी सैल झाली. मला ते खटकतं, पण दिशा बदललेली नाही.

भारताकडे एक दुर्मिळ गोष्ट आधीपासून आहे : कायद्याने सक्तीच्या कॉस्ट नोंदी आणि कॉस्ट ऑडिट. प्रदूषण नियंत्रणाच्या खर्चासाठी सीएएस-१४ हे स्वतंत्र मानकही आहे. म्हणजे अनेक कारखान्यांत माल, वीज आणि सांडपाणी-प्रक्रियेचे आकडे उत्पादनागणिक आधीच लिहिले जातात. तरीही कॉस्ट ऑडिटची फाईल एका कपाटात आणि बीआरएसआरची दुसऱ्या. दोन्ही फाईल एकाच टेबलावर आणणं, हे मला आपल्या देशातलं सर्वांत निकडीचं काम वाटतं.

बीआरएसआर कोअरमध्ये एक रकाना आहे, ज्याकडे भोसरी-चाकणच्या छोट्या पुरवठादारांनी जरूर पाहावं : देणी चुकवायला कंपनीला सरासरी किती दिवस लागतात. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांना पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. आता आयकर कायद्यानेही त्याला जोड दिली आहे. मुदतीबाहेर थकवलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजावटीला चालत नाही. पण खेळत्या भांडवलाच्या एमआयएसमध्ये हाच आकडा जितका मोठा, तितकी शाबासकी. पुरवठादाराचे पैसे ३० दिवसांऐवजी ७५ दिवसांनी दिले की रोकड सुधारते, व्याज वाचतं. मारिकानाच्या घरांसारखंच, न दिलेला पैसा इथेही अनुकूल दिसतो. फरक इतकाच की आता दुसऱ्या एका कागदावर तोच आकडा जगासमोर येतो.

खरेदी विभागाच्या प्रमुखाचा वार्षिक बोनस यांतल्या कोणत्या कागदावर ठरतो, हे कोणत्याही अहवालात छापलेलं नसतं. ते शोधायला संशोधकाला कंपनीत शिरावं लागतं, उद्दिष्टांची पत्रकं पाहावी लागतात, आढावा बैठकीत बसावं लागतं. वार्षिक अहवालातले शब्द मोजून निर्देशांक बनवणारे शोधनिबंध आपल्याकडे भरपूर होतात, कारण अहवाल फुकट मिळतात. पुण्या-मुंबईच्या वाणिज्य आणि व्यवस्थापन विभागांपासून कारखाने तासाभरावर आहेत. एम.फिल. किंवा पीएच.डी. केलेल्या, किंवा पीएच.डी. करत असलेल्या वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे : एक कंपनी निवडा, वर्षभर तिचे आढावे पाहा आणि बीआरएसआरमधला कोणता आकडा बैठकीत खरोखर चर्चेला आला ते लिहा.

पुढच्या आठवड्यात उद्दिष्टं आणि बोनस यांचा हिशेब : शाश्वततेचे निकष पगाराशी जोडल्यावर काय घडतं.