मोरी तुंबली, मशीन थांबले

घरात वॉशिंग मशीन आले म्हणजे बाईच्या कमरेला विसावा मिळतो हे खरे. पण मशीनमधून सुटलेले पाणी जाणार कुठे, याचा विचार मशीन आणताना कोणी करीत नाही. आम्हीही केला नव्हता.

पाटणला आमची आत्या राहते. केरा आणि कोयना या नद्यांच्या संगमाजवळचे हे गाव. आत्याचे निम्मे आयुष्य कोयनेच्या काठी दगडावर वाकळा धुण्यात गेले. गुडघे दुखू लागले तेव्हा मुंबईच्या धाकट्या भावाने हप्त्यावर घेऊन दोन टबांचे सेमी-ऑटोमॅटिक मशीन पाठवले. उन्हाळाभर ते छान चालले. पाऊस लागला आणि पाणी सोडण्याची नॉब फिरवली की मोरीतून फेसाळ पाणी उलट वर येऊ लागले, उंबरा ओलांडून थेट शेजारच्या दारात. शेजारीणबाई चार शब्द बोलल्या. बोलणारच! आम्ही गेलो तेव्हा मशीनवर डबे मांडलेले होते आणि आत्या पाटावर धुणे घेऊन बसली होती. "आपलं हातच बरं बाबा, त्यांचं पाणी दुसऱ्याच्या दारात जात न्हाय," म्हणाली.

आम्ही आधी पाहिला तो विजेचा बोर्ड. लांब वायरचा जोडबोर्ड मोरीच्या कडेला जमिनीवरच पडला होता! पाणी चार बोटे आणखी चढले असते तर काय झाले असते, याची कल्पनाही करवत नाही. तेव्हा मोरीला हात लावण्याआधी बटण बंद करून पिन काढा, बोर्ड भिंतीवर छातीच्या उंचीवर बसवा आणि अर्थिंग आहे की नाही ते जाणत्या वायरमनकडून तपासून घ्या.

आता पाणी वर का येते? हाताने धुताना आपण तांब्या-तांब्याने पाणी सोडतो. मशीनचा टब तीस-चाळीस लिटर पाणी काही मिनिटांत एकदम सोडतो. मोरीला ते पेलते का, हे कळायला मशीन लागत नाही. एक भरली बादली मोरीत एकदम ओता. पाणी लगेच वर आले तर अडथळा जवळच, जाळीखालच्या ट्रॅपमध्ये आहे. थोड्या वेळाने हळूहळू चढले तर तो पुढे पाइपात आहे. आणि मशीनचे पाणी सोडल्यावर स्वयंपाकघराची मोरीही भरत असेल, तर दोष बाहेरच्या चेंबरचा समजावा.

आत्याकडे बादली ओतताच पाणी वर आले. जाळी काढली, हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली आणि ट्रॅपमधून मूठ-मूठ गाळ काढला: वाकळांचे दोरे, केस, साबणाचा चिकटा. मग गरम पाणी सोडले. (ट्रॅपमध्ये थोडे पाणी कायम राहते ते बिघाड म्हणून नव्हे, गटाराची दुर्गंधी आणि झुरळे अडवण्यासाठी. काही मिस्त्री पाणी लवकर जावे म्हणून ट्रॅपच फोडून टाकतात, तसे करू देऊ नये.) ऍसिड ओतण्याची घाई करू नका. ऍसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली तर क्लोरीनचा विषारी वायू निघतो, आणि बंद मोरीत तो जिवावर बेततो.

आम्हाला वाटले, काम झाले. आठ दिवसांत आत्याचा फोन, पुन्हा तेच!

चूक आमची. आम्ही आतले तोंड साफ केले, बाहेरचे पाहिलेच नव्हते. मोरीचा पाइप होता सव्वा इंची, दोन बाके घेऊन जवळजवळ सपाट गेलेला, आणि बाहेर गटाराच्या तळाशी उघडणारा. पाटणच्या जुलैतला पाऊस म्हणजे गटार काठोकाठ. पाइपाचे तोंड पाण्याखाली गेले की आतले पाणी बाहेर पडायचे कसे? उन्हाळ्यात मशीन का चालले, ते तेव्हा कळले.

गावातल्या मिस्त्रीने दोन इंची नवा पाइप टाकला, दहा फुटांना तीन इंच उतार दिला आणि तोंड गटारातल्या पाण्याच्या वर घेतले. घुशी शिरू नयेत म्हणून त्यावर जाळी बसवली. पाइप वर घेतला म्हणून मशीनही विटांच्या फूटभर चौथऱ्यावर चढवावे लागले. सेमी-ऑटोमॅटिकचे पाणी पंपाने नव्हे, उताराने जाते. त्याची नळी तोंडापर्यंत खालीच उतरती हवी, मध्ये कुठे वर उचलली की पाणी टबातच राहते. पुढच्या दाराच्या मशीनचे उलट असते. त्यात पंप असतो, आणि नळी साधारण दोन ते तीन फूट उंचीच्या उभ्या पाइपात सैल सोडावी लागते. माहितीपुस्तकात उंची दिलेली असते, ती पाहावी. नळीच्या टोकाला जुन्या नायलॉनच्या मोज्याचा तुकडा बांधला तर दोरे त्यात अडकतात, मात्र तो दर धुण्यानंतर झटकायला हवा. साबणपूडही बेताची टाका, फेस पाण्यापेक्षा जास्त तुंबतो.

मधल्या काळात एका शेजाऱ्याने सुचवले, "चेंबरमध्ये माणूस उतरवा, तासाभरात मोकळं करील." आत्या एकदम ताठ झाली. "कुणाचा मुलगा उतरवायचा?" एवढेच विचारले. पुढे कोणी बोलले नाही. 2013 च्या कायद्याने सुरक्षासाधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणे गुन्हा आहे. बंद टाकीतला वायू दोन श्वासांत माणूस पाडतो. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली अशा मृतांच्या वारसांना 10 लाख रुपये भरपाई ठरवली आणि 2023 साली ती 30 लाख केली. कोणाच्या घरातली माणसे त्या टाक्यांत उतरत आली, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. चेंबर खरोखर भरले असेल तर नगरपंचायतीत किंवा ग्रामपंचायतीत लेखी अर्ज करून सक्शनची गाडी मागवा. बाहेरून बांबूच्या कामटीने किंवा प्लंबरच्या स्प्रिंगने निघेल तेवढेच आपण काढावे.

आता मोठी सर चालू असली की आत्या टबातले सगळे पाणी एकदम सोडत नाही. खळबळलेले शेवटचे पाणी बादलीत धरते आणि त्याने अंगण धुते. शेजारीणबाईंच्या चादरीही अधूनमधून आमच्याच मशीनमध्ये फिरतात. पौर्णिमेला विहारात नेसायची पांढरी साडी मात्र आत्या अजून हातानेच धुते, मशीनला देत नाही.