वॉर्साच्या अनाथाश्रमातलं ‘डाकघर’

१८ जुलै १९४२, शनिवार. वॉर्सा शहरातल्या ज्यू घेट्टोत, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, एका अनाथाश्रमातल्या मुलांनी नाटक केलं. नाटक होतं रवींद्रनाथ ठाकुरांचं ‘डाकघर’, पोलिश भाषांतरातलं. रवींद्रनाथांना जाऊन वर्षही पुरं झालं नव्हतं. प्रयोगानंतर चौथ्या दिवशी, २२ जुलैला, घेट्टोतल्या माणसांना रेल्वेच्या डब्यांत कोंबून ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे न्यायला सुरुवात झाली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आश्रमातली सुमारे २०० मुलंही त्याच वाटेनं गेली. सोबत त्यांचे डॉक्टर यानुश कोर्चाक होते, स्टेफा विल्चिन्स्का होत्या, इतर शिक्षक होते. त्यांच्यातलं कुणीही परतलं नाही.

ज्या भाषेत हे नाटक लिहिलं गेलं, ती बंगाली भाषा गडचिरोली जिल्ह्याच्या मुलचेरा तालुक्यातल्या कितीतरी घरांत रोज बोलली जाते. पूर्व पाकिस्तानातून उखडून आलेली बंगाली कुटुंबं इथे, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या जंगलात, वसवली गेली. सुंदरनगर, विवेकानंदपूर ही त्यांचीच गावं. होलोकॉस्ट, म्हणजे नाझींनी केलेला ६० लाख ज्यूंचा संहार, इथल्या मुलांना कसा सांगायचा, याचं उत्तर मला या अनाथाश्रमात सापडतं. म्हणून आधी त्याचीच ओळख करून देतो.

१९१२ साली वॉर्सातल्या क्रोखमाल्ना रस्त्यावर हा आश्रम उघडला. कोर्चाक हे त्यांचं लेखक म्हणून घेतलेलं नाव, मूळ नाव हेन्रिक गोल्डश्मिट. पेशानं बालरोगतज्ज्ञ. नावारूपाला आलेला डॉक्टर दवाखाना सोडून अनाथ मुलांमध्ये राहायला गेला. मूल म्हणजे उद्याचा माणूस नव्हे, ते आजच पुरता माणूस आहे, असं त्यांचं ठाम मत होतं आणि आश्रमाचा सगळा कारभार त्यावर चाले. मुलांची स्वतःची संसद होती. मुलांचं न्यायालय होतं. कुणी मारलं, चिडवलं, वस्तू घेऊन परत दिली नाही, की फळ्यावर नाव लिहून तक्रार नोंदवायची. निवाडा करायला मुलांमधलेच न्यायाधीश बसत. कायद्याची पोथी कोर्चाकांनी लिहिली होती आणि तिच्यातली बहुतेक कलमं क्षमा करणारी होती. मोठ्यांवरही खटला भरता येई, खुद्द डॉक्टरही या न्यायालयापुढे उभे राहिले. १९२६ पासून एका ज्यू दैनिकाची मुलांसाठीची साप्ताहिक पुरवणीही त्यांनी सुरू केली. मजकूर मुलं पाठवत. जर्मनीनं पोलंडवर हल्ला केला त्या १९३९ च्या सप्टेंबरपर्यंत ती निघत राहिली.

१९४० च्या नोव्हेंबरात घेट्टोच्या भिंती बंद झाल्या आणि आत चार लाखांहून जास्त माणसं अडकली. आश्रमालाही आपली इमारत सोडून आत यावं लागलं. वय साठीपुढे गेलेले, पाय सुजलेले, आजारी कोर्चाक धान्याच्या पोत्यासाठी, बटाट्यांसाठी दारोदार फिरत. तरी आश्रमातलं न्यायालय, अभ्यास, गाणी, नाटकं बंद पडली नाहीत. मला या माणसाचं मोठेपण मरणापेक्षा इथे जास्त दिसतं.

‘डाकघर’ त्यांनी का निवडलं असेल? नाटकातला अमल आजारी आहे. वैद्यानं त्याला घराबाहेर पडायला बंदी केली आहे. तो खिडकीशी बसून दहीवाल्याशी, पहारेकऱ्याशी, फुलं वेचणाऱ्या सुधाशी बोलतो. समोर राजाचं नवं डाकघर उघडलं आहे आणि राजाचं पत्र आपल्यालाही येईल, अशी वाट तो पाहतो. शेवटी राजवैद्य येतो, बंद दारं-खिडक्या उघडायला लावतो आणि अमल झोपी जातो. भिंतींआड कोंडलेल्या मुलांना हे वेगळं समजावून सांगावं लागलं नसेल. मुलांना मृत्यू शांतपणे स्वीकारता यावा म्हणून हे नाटक घेतलं, असं कोर्चाक म्हणाल्याचं सांगितलं जातं. नाटक बसवलं एस्तेर्का विनोग्रोन या तरुणीनं. घेट्टोतल्या धरपकडीत तीही पकडली गेली आणि परतली नाही.

कोर्चाकांची घेट्टोतली डायरी वाचली. तिच्या अखेरच्या पानांत ते सकाळी खिडकीतल्या फुलझाडांना पाणी घालताहेत आणि भिंतीपाशी बंदूक घेऊन उभा असलेला जर्मन सैनिक त्यांच्याकडे पाहतो आहे. आपलं टक्कल त्याला चांगलं लक्ष्य वाटत असेल, असं त्यांच्या मनात येतं. मग ते विचार करतात, हा आपल्या गावी कोण असेल? शाळामास्तर? त्या दिवसांतही समोरच्या सैनिकात ते माणूस शोधत होते. वर्गात हे एक पान नीट वाचून दाखवलं, तर संहाराच्या आकड्यांच्या तासभर व्याख्यानाचं काम होईल.

शिकवण्याच्या पद्धतीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. प्रेतांच्या ढिगांचे फोटो लावून मुलांना हादरवता येतं, शिकवता येत नाही. अमेरिकेतलं होलोकॉस्ट स्मृतिसंग्रहालय शिक्षकांना सांगतं की वर्गात छळाचे प्रसंग करून दाखवू नका, मुलांना कैदी किंवा पहारेकरी बनवू नका. त्यातून दुःख समजत नाही, त्याचा खेळ होतो. ‘डाकघर’मध्ये हा धोकाच नाही. मुलाला अमल व्हायचं आहे, सुधा व्हायचं आहे. घेट्टोतल्या मुलांनी जे केलं तेच करायचं आहे. त्या मुलांचं पुढे काय झालं, हे प्रयोगानंतर सांगायचं.

आणि नाटकाची जाण इथे कमी नाही. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या धानाच्या पट्ट्यात, धान निघालं की नाटकं लागतात, मंडई भरते, वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरतात, लोक रात्रभर बसतात. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. ज्या तालुक्यात बंगाली घरं आहेत आणि झाडीपट्टीचा रंगमंचही आहे, तिथल्या शाळेला बाहेरून काहीच आणावं लागणार नाही. बंगाली मुलांनी मूळ नाटक वाचावं, मराठी आणि गोंडी-माडिया बोलणाऱ्या मुलांनी आपापल्या बोलीत संवाद करावेत. शेजारच्या वर्गात प्रदर्शन लावावं: आश्रमाचा दिनक्रम, न्यायालयाची कलमं, मुलांनीच काढलेलं भित्तिपत्रक आणि युरोपचा नकाशा.

एक काळजी मात्र घ्यावी. आजोबा-आजींनी घरदार सोडल्याच्या आठवणी इथे घराघरात आहेत, मुलं त्या सांगतील, सांगू द्याव्यात. पण फाळणी आणि होलोकॉस्ट यांना एका तागडीत तोलू नये. प्रत्येक संहाराचे करणारे, कारणं आणि कायदे वेगळे असतात. ते वेगळे शिकवले तरच इतिहास शिकवल्यासारखं होतं.

ट्रेब्लिंकाच्या स्मारकात सुमारे १७,००० दगड उभे आहेत. बहुतेकांवर काहीच लिहिलेलं नाही, काहींवर गावांची नावं आहेत. एका माणसाचं नाव एकाच दगडावर आहे: यानुश कोर्चाक, आणि त्यांची मुलं. बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय कराराचा प्रस्ताव पोलंडनं मांडला, त्यामागेही कोर्चाकांचे विचार होते.

२७ जानेवारी हा संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला होलोकॉस्ट स्मृतिदिन प्रजासत्ताक दिनाच्या दुसऱ्याच दिवशी येतो. झाडीपट्टीत तेव्हा नाटकांचे दिवस असतात आणि शाळांत स्नेहसंमेलनांचे. मुलचेऱ्यातल्या शिक्षकांनी यंदाच्या संमेलनात ‘डाकघर’ घ्यावं, आणि तालमी दिवाळीनंतर लगेच सुरू कराव्यात.