चिखलातली वयं

हाँगकाँगच्या वायव्य टोकाला हा पाक नाईचा किनारा आहे. खाडीपलीकडे शेनझेनच्या इमारती, अलीकडे कालवांची शेती आणि ओहोटीला उघडा पडणारा चिखल. गमबूट घालून इथं चालायचं म्हणजे दर पावलाला चिखलाकडून बूट परत मागून घ्यायचा.

हॉर्सशू क्रॅबची पिल्लं मोजताना आधी माग शोधायचा. पातळ पाण्याखाली नागमोडी चर दिसतो, त्यात शेपटीची रेघ. चर संपतो तिथं मातीला किंचित उंचवटा असतो. त्याखाली नखाएवढं, कधी त्याहून बरंच मोठं पिल्लू बारीक किडे शोधत असतं. नावात क्रॅब असला तरी गोतावळा कोळी-विंचवांचा.

इथं दोन जाती. शेपटी बोटांनी हलकेच चाचपली की एकीची तिकोनी लागते, दुसरीची गोल. (शेपटीला धरून उचलायचं मात्र नाही.) मग व्हर्नियर कॅलिपरनं ढालीची रुंदी घ्यायची, लिहायची आणि पिल्लू होतं तिथंच ठेवायचं.

वाढ होते ती कात टाकताना. ढालीची पुढची कड उसवते आणि प्राणी पुढूनच बाहेर पडतो, साधारण 1.3 पट रुंद होऊन. म्हणजे 30 मिलिमीटरचं पिल्लू 39च्या आसपास जातं. सुरुवातीला काती भराभर पडतात, पुढे त्यांच्यातलं अंतर वाढत जातं. तिकोनी शेपटीच्या जातीला वयात यायला तेरा-चौदा वर्षं लागतात. टाकलेली कातही शेपटीसकट हुबेहूब. नवखा माणूस ती जिवंत समजून मोजून मोकळा होतो. उचलली की कळतं, वजनच नाही.

नुसत्या एकूण आकड्यावर माझा फार भरवसा नाही. थंडीत पिल्लं चिखलात गाडून घेतात, तेव्हा भरलेला किनाराही रिकामा दिसतो. त्यात 2009 पासून ओशन पार्कचं प्रतिष्ठान आणि सिटी युनिव्हर्सिटी शाळांमधून वाढवलेली पिल्लंही किनाऱ्यांवर सोडत आली आहेत. तिकोनी शेपटीची जात 2019मध्ये आययूसीएनच्या संकटग्रस्त यादीत गेली, तेव्हा हे प्रयत्न हवेतच. मी मात्र वहीत आधी सर्वांत अरुंद, म्हणजे सर्वांत लहान वयाच्या पिल्लांचा रकाना बघतो. बारकी पिल्लं नजरेतून सुटतात, हे धरूनही तो हंगामामागून हंगाम कोरा राहिला, तर चिखल सोडून वरच्या वाळूकडे जावं लागतं: तिथं अंडी घालायला जोड्या येतात का, की वाटेतच मासेमारीच्या जाळ्यांत अडकतात?