बॅटरीवर 48, चार्जरवर किती?

सप्टेंबर 2022मध्ये वसई पूर्वेला घरात चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांचा मुलगा दगावला. तेव्हा वसईतल्या सांडोरमध्ये स्कूटर घेणाऱ्याने चार्जरची चौकशीही गाडीइतकीच कसून करावी.

पिन बसते का, हे सगळ्यात शेवटी पाहायचे. आधी लेबल वाचा. नेहमीच्या लिथियम-आयन सेलला 4.2 व्होल्टपर्यंतच चढवतात. असे 13 सेल ओळीने जोडलेले असतील तर चार्जरचे आउटपुट 54.6 व्होल्ट हवे. लिथियम आयर्न फॉस्फेटचे 16 सेल असतील तर 58.4. बाजारात मात्र दोघांनाही ‘48 व्होल्ट’च म्हणतात, आणि घोळ इथेच होतो! शेजाऱ्याचा किंवा जुन्या लेड-ॲसिड बॅटरीचा चार्जर म्हणूनच लावू नये. जादा व्होल्टेज आले तर पॅकमधले बीएमएस (बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम) सर्किट वीज तोडते खरे, पण रोज त्याच्याच भरवशावर राहणे म्हणजे जिवाशी खेळ. अँपिअर थोडे कमी चालतात, वेळ लागतो इतकेच. बॅटरीच्या मर्यादेपेक्षा जास्त चालत नाहीत.

चांगला चार्जर आधी ठरावीक करंट देतो, मग व्होल्टेज स्थिर धरून करंट उतरवतो आणि शेवटी बंद होतो. वसईच्या खाऱ्या, दमट हवेत पिना गंजतात. प्लग सैल किंवा काळवंडलेला दिसला, तर आधी सॉकेट बदला.