लेगिंग्जचा फर्मा आणि बिडाची पट्टी

उद्यमबागेत ‘पॅटर्न’ म्हटलं की आधी डोळ्यांसमोर येतो तो लाकडाचा. बेळगावच्या खानापूर रस्त्यालगतच्या या वसाहतीत बिडाचं कास्टिंग ओतायचं तर वाळूत आकार उमटवायला पॅटर्न हवाच. ओतलेलं बीड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न मूळ वस्तूपेक्षा मोठा करतात, फुटामागे साधारण एक सूत. पॅटर्नवाल्याची पट्टीच त्यासाठी वेगळी असते, तिच्यावरचा इंच आधीच वाढवलेला.

लेगिंग्जचं नेमकं उलट. कापड ताणतं, म्हणून फर्मा अंगापेक्षा लहान.

आपल्याकडच्या घट्ट पायजम्याची जुनी वाट निराळी होती. चुडीदारचं कापड उभ्या-आडव्या धाग्यांचं, शहापूर-वडगावच्या मागांवर निघतं तसंच; ते सरळ ओढून ताणत नाही. म्हणून शिंपी ते उरेब कापत आला, तिरप्या धाग्यातून लवचीकपणा मिळवत आला. मला हा कारागिरीतला मोठा शोध वाटतो. लेगिंग्जला मात्र फासांत फास गुंतलेलं होजियरीचं कापड लागतं, त्यात थोडं स्पॅन्डेक्स. तो धागा ड्यूपाँ कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी १९५८ मध्ये तयार केला. ‘लायक्रा’ हे त्याचं बाजारातलं नाव.

‘ताणतंय की, मग मापं कशाला?’ हा प्रश्न शिवण शिकणाऱ्या मुलींकडून मी पुष्कळदा ऐकला आहे. गुडघ्याला फुगा, घोट्याशी चुण्या, खाली बसलं की मागून सरकणारी कंबर, हे सगळं त्या समजातून येतं. ताणणाऱ्या कापडाला मापं जास्तच लागतात.

आधी कापड धुऊन घ्यावं. मग त्याचा चार इंच भाग आडवा धरून बेताने ओढावा. सहा इंचांपर्यंत गेला तर ताण ५० टक्के. पण तो सगळा मापातून वजा करायचा नाही; बसायला, वाकायला, जिना चढायला बराचसा राखायचा. सुती लायक्राला मी १० टक्के घट धरते. सीट ३८ इंच असेल तर उरतात सुमारे ३४, एका पायाला १७. बाजूला शिलाई नसल्यामुळे एक पाय म्हणजे एकच तुकडा. मांडी, गुडघा, पोटरी यांचाही हिशेब असाच. मोहरी टाचेवरून जाईल ना, हे तपासावं. उंची मात्र मी कमी करत नाही, कारण कापड आडवं ताणलं की उभं आखडतं.

खरं कसब आसनात आहे. मागची गोलाई पुढच्यापेक्षा लांब हवी. कमरेला मागे इंच-दीड इंच चढ, पुढे अर्धा इंच उतार. शिलाई ओव्हरलॉकची किंवा झिगझॅग. साधा सरळ टाका ताण बसला की तुटतो. सुई गोल टोकाची, म्हणजे फास तुटत नाहीत.

फर्म्यावर मापांबरोबर कापडाचा ताणही लिहून ठेवावा. बिडाची पट्टी ॲल्युमिनियमला चालत नाही, ते जास्त आकसतं. तसाच सुती लायक्राचा फर्मा जास्त ताणणाऱ्या कापडावर ठेवला तर पाय सैल होतो, आणि तो कागद पुन्हा काढावा लागतो.