बाइक्का बील : बेण्याचे मासे राखणारे गाव

ढाका-सिल्हेट रेल्वेने श्रीमंगलला उतरणारी माणसे बहुतेक चहाचे मळे बघायला आलेली असतात. त्या मळ्यांच्या टेकड्यांवरचे ओढे ज्या सखल भागात उतरतात तो हाइल हाओर. पावसाळ्यात इथे सुमारे १४ हजार हेक्टरांवर पाणीच पाणी होते. उन्हाळ्यात त्यातले तीन-चार हजार हेक्टर उरते, तेही तुकड्यातुकड्यांनी. अशा उरलेल्या डोहांना बांगलादेशात बील म्हणतात. बाइक्का त्यांतलेच एक. पण तिथे जाळे टाकायला बंदी आहे आणि राखण गावकऱ्यांची आहे.

पाणी आटू लागले की मरळ, शिंगी, मागूर असले मासे खोल बिलांत गोळा होतात. पहिल्या पावसाबरोबर तेच बाहेर पडतात, बुडालेल्या शेतांत आणि गवतात अंडी घालतात, हाओरभर पसरतात. उन्हाळ्यातला डोह म्हणजे पुढच्या हंगामाचे बेणे. आणि नेमका तोच लिलावात जायचा. सरकार अल्प मुदतीचा ठेका देणार, ठेकेदार पैसे वसूल करायला पंप लावून बील उपसणार, चिखलातला शेवटचा मासाही वेचणार. त्याला दोष तरी काय द्यायचा? पुढचा ठेका त्यालाच मिळेल याची हमी कोण देतो?

१९९८ मध्ये अमेरिकी मदतीवर ‘माच’ हा प्रकल्प इथे सुरू झाला आणि त्यातून गावोगावी मासेमार, शेतकरी यांच्या संघटना उभ्या राहिल्या. २००३ मध्ये सरकारने बाइक्काचे सुमारे १०० हेक्टर कायमचे मत्स्य अभयारण्य ठरवले. ते बडगांगिना नावाची गावकऱ्यांची संघटना सांभाळते. काठाला हिजल आणि करोच लावले. करोच म्हणजे आपला करंज, मुळे पाण्यात बुडाली तरी तग धरणारा. पाण्यात काँक्रीटचे सहा हातांचे ठोकळे सोडले. रात्री कुणी चोरून जाळे ओढले की ते त्या हातांत अडकून फाटते, आणि एरवी त्यांच्याच आडोशाला मासे राहतात. साऱ्या योजनेत मला हीच गोष्ट सर्वांत शहाणपणाची वाटते. राखणदाराला डुलकी लागू शकते.

एवढे पाणी बंद ठेवूनही हाओरमधले दर हेक्टरी मासळीचे उत्पन्न काही वर्षांत दुपटीच्या आसपास गेले. पक्षीही आले. हिवाळ्यात निरीक्षण मनोऱ्यावरून अडईंचे थवे, जांभळ्या पाणकोंबड्या, कमळपक्षी दिसतात. जायचे तर तेव्हाच.

बंदीचा चटका मात्र आधी त्यालाच बसतो, ज्याच्या घरात जाळ्याखेरीज मिळकत नाही. त्याच्यासाठी फिरता कर्जनिधी उभारला गेला, म्हणून तो टिकला. प्रकल्प २००८ मध्ये संपला, संघटना राहिली. अलीकडे हाओरच्या कडेने खासगी मत्स्यतळ्यांचे बांध वाढत आहेत, चोरटी मासेमारीही थांबलेली नाही. पावसाळ्यात बिलातून निघालेल्या माशाला ते बांध आडवे येतात, आणि ते हटवणे संघटनेच्या हातात नाही.