मधुमेहाचे प्रकार अनेक. प्रकार ओळखला तरच उपचारांना योग्य दिशा

नवी दिल्ली, १४ नोव्हेंबर : ‘शुगर आहे’ एवढ्या दोन शब्दांत आपल्याकडे मधुमेहाचे वर्णन संपते. प्रत्यक्षात या एका नावाखाली कारणे आणि उपचार वेगवेगळे असलेले अनेक विकार मोडतात. प्रकार ओळखण्यात चूक झाली, तर ती रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. इन्सुलिनच्या शोधातील प्रमुख संशोधक फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्मदिवस असलेला १४ नोव्हेंबर हा दिवस जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळला जातो. त्यानिमित्त या प्रकारांचा आढावा.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, तर १३.६ कोटी लोक मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत.

टाइप १ : या प्रकारात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. बहुधा बालपणी वा तरुणपणी तो प्रकट होतो. सतत तहान, वारंवार लघवी आणि झपाट्याने घटणारे वजन ही त्याची लक्षणे होत. इन्सुलिन हाच त्यावरील अनिवार्य उपचार आहे. गोळ्या, पथ्य किंवा झाडपाला यांच्या भरवशावर ते बंद केल्यास रक्तात आम्ल साचून काही दिवसांत मृत्यू ओढवू शकतो. १९२२ मध्ये टोरंटो येथे इन्सुलिनचा पहिला वापर होईपर्यंत हे निदान म्हणजे बहुधा मृत्यूची सूचनाच असे.

टाइप २ : बहुसंख्य रुग्ण याच प्रकारातील असतात. येथे इन्सुलिन तयार होते. परंतु शरीर त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाही आणि कालांतराने त्याची निर्मितीही घटते. आनुवंशिकता, पोटावरील चरबी आणि बैठी जीवनशैली ही प्रमुख कारणे होत. मोजका आहार, आठवड्याला किमान १५० मिनिटे व्यायाम आणि मेटफॉर्मिनसारखी औषधे यांवर उपचारांचा भर असतो. पुढे काहींना इन्सुलिन घ्यावे लागते. तो आजाराचा अखेरचा टप्पा असल्याचा समज मात्र निराधार आहे.

गर्भारपणातील मधुमेह : गर्भावस्थेतील संप्रेरकांमुळे इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो. ७५ ग्रॅम ग्लुकोज दिल्यानंतर दोन तासांनी रक्तशर्करा १४० मिलिग्रॅम किंवा अधिक आढळल्यास हे निदान होते. प्रसूतीनंतर साखर सहसा पूर्ववत होते. परंतु त्या मातेला पुढे टाइप २ होण्याचा धोका वाढलेला असल्याने नियमित तपासणी आवश्यक ठरते.

टाइप ५ : बालपणातील कुपोषणाशी निगडित असलेल्या या प्रकाराला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ मध्ये स्वतंत्र मान्यता दिली. कृश तरुणांमध्ये आढळणारा हा विकार अनेकदा टाइप १ समजला जातो. अशा रुग्णांना जास्त मात्रेत इन्सुलिन दिल्यास रक्तशर्करा धोकादायकरीत्या खाली येऊ शकते.

निदानाचे निकष मात्र ठरलेले आहेत. उपाशीपोटी रक्तशर्करा प्रति डेसिलिटर १२६ मिलिग्रॅम किंवा अधिक, अथवा तीन महिन्यांची सरासरी दर्शविणारे ‘एचबीए१सी’ ६.५ टक्के किंवा अधिक असल्यास मधुमेह मानला जातो. लक्षणे नसल्यास चाचणी पुन्हा करून खात्री केली जाते. हे आकडे मधुमेह आहे एवढेच सांगतात. तो कोणता, हे वय, वजन, लक्षणे आणि गरजेनुसार अन्य चाचण्यांवरून डॉक्टर ठरवतात.

प्रकार कोणताही असो, अनियंत्रित साखर डोळे, मूत्रपिंड, हृदय आणि पायांच्या नसांना इजा करते. त्यामुळे दरवर्षी डोळे, लघवीतील प्रथिने आणि पाय यांची तपासणी करून घ्यावी, रक्तदाब नियंत्रणात ठेवावा आणि तंबाखू वर्ज्य करावा. शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपल्यालाही चालेल, असे गृहीत धरू नये. साखर आटोक्यात आली म्हणून डॉक्टरांना न विचारता औषध थांबवणेही तितकेच घातक आहे.